स्कॅनर घेण्याआधी कपाट उघडा

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, घरी कुठला स्कॅनर घ्यावा?" मी उलट विचारलं, कपाटात आहे काय? कागदी फोटो, निगेटिव्ह, की स्लाइड? कारण इथे मूळ भेद प्रकाशाचा आहे. कागदी फोटोवरून प्रकाश परत येतो. निगेटिव्ह आणि स्लाइडमधून तो आरपार जातो. म्हणून साध्या सपाट स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवून उपयोग नाही. त्यासाठी झाकणातही दिवा हवा.

आता आकडे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयने घेतला तर २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात. पुष्कळ झाले. पण ३५ मिमी फिल्मची चौकट असते अवघी २४ बाय ३६ मिमी. तिला ६०० पुरत नाही, निदान २४०० लागतात. आणि खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 'ऑप्टिकल' आकडा बघा. बाकीचे ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात.

तेव्हा कागदी फोटो जास्त आणि फिल्म थोडी असेल, तर झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर घ्या, एप्सन व्ही६०० सारखा. ३५ मिमीचाच ढीग असेल तर प्लसटेक ऑप्टिकफिल्मसारखा खास फिल्म स्कॅनर बरा. तो तपशील जास्त टिपतो. पण त्याच्या बऱ्याच मॉडेलांत एकेक चौकट हातानं सरकवावी लागते, आणि कागदी फोटो त्यात चालत नाहीत.

काही यंत्रं इन्फ्रारेडनं धूळ ओळखून पुसतात. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर ती सोय बंद ठेवा. तिथे चित्रच चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं!

शेवटी एक सांगतो. माझ्या आईच्या लग्नातला फोटो मी उत्तम स्कॅन केला. साडीचे काठसुद्धा दिसतात. पण मागच्या रांगेतल्या चौघी कोण, हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. प्रतिमा राहिली, ओळख गेली. म्हणून फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, निगेटिव्ह टाकून देऊ नका. आणि स्कॅनर पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल. आत्याला किंवा मामाला फोन मात्र आजच करा.