इसारावर सौदा फिरवताय? खरेदीखताच्या दिवशीचा हिशोब आधी ऐका

सुपा एमआयडीसी किंवा केडगावकडे प्लॉट बघणाऱ्याला एक माणूस भेटतोच. जागा त्याची नसते, पण भाव तोच सांगतो. अमेरिकेत याला होलसेलिंग म्हणतात, आता रील्सवरही शिकवतात. आपल्याकडे हे जुनंच आहे. इसार द्यायचा आणि मुदतीत पुढची पार्टी आणायची.

समजा, एनए प्लॉट 40 लाखांना ठरला. तुम्ही 2 लाख इसार दिला, दोन महिन्यांची मुदत घेतली. पुढची पार्टी 44 ला तयार झाली. मग आता जागा तुम्ही विकू शकता का? नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं की विक्रीच्या नुसत्या कराराने जागेत हक्क तयार होत नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हेही सुप्रीम कोर्टाने 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात सांगून टाकलंय. म्हणून खरेदीखत मालकच पार्टीला देतो, आणि तुम्ही ‘मान्यता देणार’ म्हणून सही करता. त्यासाठी इसार पावतीतच ‘आपण सांगाल त्यांच्या नावे खरेदीखत करून देईन’ हे वाक्य हवं.

आता पैसे. 44 मधले 38 लाख मालकाला, 6 तुम्हाला: 2 इसाराचे, 4 कमाईचे. ही वाटणी दस्तात चेक नंबरसकट लिहा. नाहीतर मालकाला मिळाले 40, आणि टॅक्सवाले विचारणार 44 चं! ऐन वेळी मालक निबंधक कार्यालयात अडून बसतो तो बहुतेक यामुळेच. ‘दस्त 40 चाच करू, वरचे 4 रोख द्या’ असं कोणीतरी सुचवतंच. पण जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. आणि भांडण झालं तर त्या 4 लाखांचा कागद कुठाय?

स्टँप ड्यूटी दस्ताची किंमत किंवा रेडी रेकनर, जे जास्त त्यावर. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. दोन्ही खर्च सहसा घेणाऱ्याचे, तेव्हा पार्टीला भाव सांगतानाच सांगा. आणि इसारावर ताबा मात्र घेऊ नका, तो घेतला की साठेखतावरच खरेदीखताइतकी ड्यूटी लागते.

शेतजमीन असेल तर पार्टी शेतकरी आहे का, हे पहिलं विचारा.

आणि मुदतीत पार्टी मिळालीच नाही तर? पावतीत बघा, ‘इसार जप्त’ लिहिलेलं बहुतेक असतंच.