जुन्या ट्रकला नवे इंजिन : पण आधी ब्रेक



गळीत हंगाम तोंडावर आला की वाहतूकदार मंडळी पावसाळाभर उभ्या असलेल्या गाड्या बाहेर काढतात. त्यांत एखादी लांब नाकाची जुनी टाटाही असते. "सांगाडा अजून लोखंडावानी हाय, फक्त नवं इंजिन टाकायचं," असे मालक सांगतो. त्यातील 'फक्त' या शब्दाबद्दल चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. ऊसतोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच ऊसबिलातून वजा होतो. गाडी वाटेत बसली तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही जातो. आणि गाडी थांबायच्या जागी थांबली नाही, तर काय होते ते वेगळे सांगायला नको.

या गाडीचे कूळ मोठे आहे. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर १९५४ साली करार केला आणि त्यातून टाटा-मर्सिडीज ट्रक निघाले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरची चांदणी गेली, तिथे टाटांचे चिन्ह आले. पण जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी 'मर्सिडीज' हेच नाव राहिले. पुढे १२१० हे मॉडेल गावोगावी पोहोचले. या आकड्याला अर्थ आहे : गाडीसकट एकूण वजन १२ टन आणि इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. इंजिनाचे आकडेही असेच वाचायचे. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे व्यास ९७. आपले मिस्त्री हे तोंडपाठ सांगतात.

आता इंजिनाचे बघू. जुन्याच्या जागी टर्बो लावलेले ६९७ किंवा ५.९ लिटरचे कमिन्स बसविता येते, नाही असे नाही. परंतु वाढलेली ओढ पुढे कोणी सोसायची? क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि क्राऊन-पिनियन या साखळीत जी कडी कच्ची असेल ती तुटते, आणि तुटते तीही बहुधा भरल्या गाडीत, शेताच्या बांधावरच. क्राऊनचा हिशेबही समजून घ्यावा. पिनियनला ६ आणि क्राऊनला ४१ दाते असतील, तर शाफ्टचे जवळपास सात फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. रस्त्यावर गाडी पळावी म्हणून कोणी ७ आणि ४१ चा जोड टाकतो. महामार्गावर बरे वाटते. पण काळ्या रानातून, ओल्या सरीतून भरली गाडी काढताना तीच गाडी रडते. ऊसवाहतुकीला पळ कमी असली तरी चालते, ओढ पाहिजे.

परंतु माझ्या मते खर्चाचा पहिला रुपया ब्रेकवर पडावा. जुन्या गाड्यांचे ब्रेक तेलावर चालत. पायाखालच्या मास्टर सिलिंडरमधून एकाच नळीच्या जाळ्याने तेल चारी टोकांना जाई. एका चाकाचे रबर फाटले की सगळा दाब तिथूनच निघून जातो आणि पाय तळाला लागतो. येणेगूरकडून उतरताना हा अनुभव कोणाला येऊ नये. नंतरच्या गाड्यांत हवेचे ब्रेक आले. त्यात पुढची व मागची फळी वेगळी असते. एकीची हवा गेली तरी दुसरी धरते. मागच्या चाकांना स्प्रिंगब्रेक असतो. तिथे हवा स्प्रिंगला दाबून ठेवते, म्हणून हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि चाक आपोआप जखडते. म्हणजे बिघाड झाला तर गाडी सुटत नाही, उभी राहते.

हे काम सुटे सामान गोळा करून करू नये. ड्रम, कॅम, स्लॅक अ‍ॅडजस्टर हे सगळे अ‍ॅक्सलला धरून असते. त्यामुळे त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचे पुढचे-मागचे अख्खे अ‍ॅक्सल मिळाले, तर ते बसविणे शेवटी स्वस्त पडते. अ‍ॅक्सल टाकताना कमानीच्या ब्रॅकेटजवळ चेसीला तडा आहे का ते घासून पाहावे. चेसीच्या पट्टीला आडवे वेल्डिंग मारणारा मिस्त्री असेल, तर गाडी तिथून काढून आणावी. हवेच्या टाकीतले पाणी रोज सकाळी सोडायचे, हे क्लीनरला पहिल्या दिवशीच शिकवावे.

पॉवर स्टेअरिंगने ड्रायव्हरचे खांदे वाचतात, रात्रीच्या तिसऱ्या खेपेला हे कळते. मात्र इंजिन बंद पडले की त्याची मदतही बंद होते, म्हणून उतारावर गाडी बंद करून सोडण्याची जुनी खोड इथे चालणार नाही. हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसरही इंजिनावरच चालतो.

राहिले कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन किंवा असा मोठा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, आणि बदलाची नोंद नोंदणी पुस्तकात व्हावी लागते. नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. 'व्हिंटेज' म्हणून सवलत मिळेल, अशीही कोणी आशा धरू नये. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरील गाड्यांची ती नोंदणी आली खरी, पण ती खाजगी, बिनधंद्याच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. इंजिन बदललेल्या मालट्रकला ती लागू नाही.

आणखी एक. २०१८ साली केंद्राने दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत वाढविले, हे ऐकून काहींनी जुन्या गाडीचे फाळके उंच करून घेतले. पुस्तकात १२ टन लिहिलेली गाडी नव्या इंजिनाने १८ टनांची होत नाही. वजनकाट्यावर आकडा दिसतोच. मोळ्या भरताना तो आधी पुस्तकात पाहून घ्यावा.