गॅरेजचं नवं दार बसवून घेताना

गॅरेज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळे हात पुसत उभा असलेला मेकॅनिक येतो. आज त्याच्याबद्दल बोलायचं नाही. घराला लागून गाडी ठेवायची जी खोली असते, तिच्या दाराबद्दल बोलायचं आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. चौथ्या बाजूबद्दल कायदा काही बोलत नाही, ती आपली आपण बघायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एकच सूचना. इमारतीच्या खांबांमधलं मोकळं पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलेलं आहे. तेव्हा तिथे परस्पर शटर लावायला जाऊ नका.

मी इन्फन्ट्रीतला माणूस, इंजिनीअर नाही. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. घर जुनं आहे आणि गॅरेजला दोन पाखांचं लोखंडी दार होतं. बाहेर उघडायचं म्हणजे गाडी रस्त्यावर उभी करून उतरायचं, कडी काढायची, दोन्ही पाखं लोटायची. पावसाळ्यात गंजलेले बिजागर आणि माझा उजवा खांदा, दोघंही कुरकुरायचे. शेवटी दार बदलायचं ठरलं.

पहिला प्रश्न आला प्रकाराचा. आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते गुंडाळी शटर. स्वस्त आहे, दणकट आहे, दुरुस्त करणारा कुठल्याही गावात मिळतो. पण आमच्या घरून स्पष्ट हुकूम आला, "अहो, घराचं दुकान करायचं नाही." मग आम्ही पॅनेलचं दार घेतलं. यात चार-पाच आडव्या फळ्या बिजागरांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांच्या कडेची चाकं रुळांमध्ये फिरतात आणि दार वर जाऊन छताखाली आडवं होतं. फळी म्हणजे दोन पत्रे आणि मधे फोम. आमचं गॅरेज पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे मे महिन्यात फोमचा उपयोग कळतो.

माप घ्यायला येणारा माणूस नुसती रुंदी-उंची लिहून निघाला तर त्याला थांबवा. रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची, उंची दोन्ही कडांना. लिंटेलच्या वर छतापर्यंत जागा किती आहे तेही मोजायचं, कारण रूळ आणि स्प्रिंग तिथेच बसतात. साधारण फूटभर जागा लागते. कमी असेल तर वेगळ्या प्रकारचे रूळ मिळतात, पण ते आधी सांगावं लागतं. पंखा, ट्यूबलाइट, माळ्यावर ठेवलेली शिडी, यातलं काही दाराच्या वाटेत येत नाही ना, हेही तेव्हाच बघा. आणि ओळंबा लावायला सांगा. ओळंब्याचा आग्रह मी धरला नाही, त्याची गोष्ट पुढे येते.

कोटेशन लेखी घ्या. जुनं दार काढणं आणि उचलून नेणं, गवंडीकाम, मोटरसाठी अर्थिंगसह वेगळा विजेचा पॉइंट, किती रिमोट, आणि सेन्सर. या प्रत्येकापुढे "समाविष्ट" किंवा "वेगळे" असं लिहून घ्या.

कामाच्या दिवशी तीन जण आले. सकाळी जुनं दार निघालं, संध्याकाळपर्यंत नवं उभं राहिलं. क्रम असा असतो: सगळ्यात खालची फळी आधी ठेवतात आणि पाणसळ लावून समतल करतात. जमीन एका बाजूला उतरती असेल तरी फळी समतलच हवी, खालचं अंतर रबरी पट्टी भरून काढते. मग एकावर एक फळ्या, कडेचे उभे रूळ, छताखालचे आडवे रूळ, त्यानंतर लिंटेलच्या वर लोखंडी दांडा आणि त्यावर स्प्रिंगा.

आता जरा थांबू या, कारण खरी मेख इथे आहे. आमचं दार आठ फूट रुंद, सात फूट उंच. वजन साठ-सत्तर किलो तरी असेल. बहुतेकांना वाटतं की हे वजन मोटर उचलते. तसं नाही. वजन स्प्रिंग उचलते. स्प्रिंगला पीळ दिलेला असतो, तो पीळ दोन पोलादी तारांमार्फत दार वर ओढून धरतो आणि मोटर फक्त इकडून तिकडे ढकलते. सात फुटी दाराला साधारण साडेसात वेढ्यांचा पीळ देतात. कारागीर दोन लोखंडी सळ्या घेऊन, त्या आळीपाळीने भोकांत घालून पाव-पाव वेढा पिळतो. स्प्रिंगवर एक सरळ रंगीत रेघ असते, पीळ बसला की ती नागमोडी होते. तिचे वेढे मोजले की किती पीळ दिला ते कळतं.

हे चालू असताना लांब उभे राहा, आणि नंतर कधीही, अगदी कधीही, पाना घेऊन त्या स्प्रिंगला हात लावू नका. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हातातली सळी मनगट मोडून जाते. स्प्रिंग कधी ना कधी तुटतेच. साधी स्प्रिंग सुमारे १०,००० वेळा उघडझाप होईल या हिशोबाने बनवतात. दिवसातून चार वेळा दार वापरलं तर जवळपास सात वर्षं झाली. तुटताना आवाज गोळी सुटल्यासारखा येतो. तो आला की मोटर चालवू नका, कारागिराला बोलवा, आणि दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही बदला.

आता माझी चूक. संध्याकाळी मोटर जोडली. दार वर छान गेलं, पण खाली येताना दोन तृतीयांश अंतरावर अडायचं आणि आपोआप परत वर जायचं. दोनदा, तीनदा. मुख्य कारागीर स्टुलावर चढला, मोटरच्या पॅनेलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "साहब, ताकत बढ़ा दी है, अब नहीं अटकेगा." खरंच अडलं नाही. मी खूश. उरलेले पैसे दिले, चहा पाजला, मंडळी गेली.

रात्री जेवताना सौ. म्हणाली, "अहो, पुढच्या आठवड्यात ओम येतोय." ओम म्हणजे आमचा नातू, वय वर्षं चार, बंद होणाऱ्या कुठल्याही गोष्टीखालून पळत जाणं हा त्याचा आवडता खेळ. मी तसाच उठलो. पंख्याचा रिकामा खोका दाराखाली ठेवला आणि रिमोट दाबला. दार खाली आलं, खोक्याला लागलं, आणि थांबलं नाही. खोका चपटा केला. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी उलगडलं. मोटरपासून दार सोडवायला एक लाल दोरी असते. दार पूर्ण खाली असताना ती ओढली आणि हाताने दार वर-खाली करून पाहिलं. त्याच जागी घासत होतं. म्हणजे दोष मोटरचा नव्हताच. आमची भिंत वरपासून खालपर्यंत जवळजवळ इंचभर कलली होती आणि रूळ त्या भिंतीच्या प्लास्टरला समांतर ठोकले होते. दार अडायचं, तेव्हा मोटर आपलं काम चोख करत होती: अडथळा लागला, मागे फिरा. कारागिराने अडथळा काढला नाही. मोटरला एवढा जोर दिला की तिला अडथळा कळेनासा झाला. मग तो अडथळा वाकडा रूळ असो, खोका असो की पोर.

दुकानदाराला बोलावलं. सेन्सर कुठे, विचारलं, तर "इथे कोणी घेत नाही." हे अगदी खोटंही नसावं. अमेरिकेत मात्र १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती दाराच्या मोटरला अशी संरक्षणाची सोय कायद्याने सक्तीची आहे, कारण मोटरच्या दाराखाली सापडून मुलं दगावली होती. आपल्याकडे आपणच मागायचं.

मग रुळांमागे पट्ट्या घालून ते ओळंब्यात आणले, बोल्ट प्लास्टरऐवजी काँक्रीटमध्ये घेतले, स्प्रिंगला थोडा पीळ वाढवला. दार हाताने अर्ध्यावर नेऊन सोडलं तर तिथेच तरंगत राहिलं. स्प्रिंग बरोबर आहे याची हीच खूण. आपोआप खाली येत असेल तर पीळ कमी, वर पळत असेल तर जास्त. त्यानंतर मोटरचा जोर उतरवला. सेन्सरची जोडी दाराच्या दोन बाजूंना बसवली, जमिनीपासून सहा इंचांच्या वर नाही. उंच लावला तर रांगतं मूल आणि मांजर दोन्ही खालून निसटतात. पश्चिमेच्या दाराला एक खोड असते: संध्याकाळचं ऊन थेट सेन्सरच्या डोळ्यात गेलं की दार बंदच होत नाही. आमचंही झालं. दोन्ही तोंडांची अदलाबदल केली, प्रश्न मिटला.

तेव्हा शेवटचे पैसे देण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या हाताने करून बघा. लाल दोरी ओढून दार अर्ध्यावर सोडणं. दाराखाली दीडेक इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दार लावणं. फळीला टेकताच दार परत वर जायला हवं. आणि दार खाली येत असताना सेन्सरपुढे काठी धरणं. काठीच, पाय नको.

वीज गेली तर काय, हेही तेव्हाच विचारा. लाल दोरी आतून असते. गॅरेजला दुसरं दार नसेल आणि तुम्ही बाहेर असाल तर दोरीचा उपयोग शून्य. बाहेरून किल्लीने सोडवायचं कुलूप मिळतं, ते बसवून घ्या. आमच्याकडे जूनच्या वादळात पहिल्याच आठवड्यात त्याची गरज पडली. आणि स्प्रिंग तुटलेली असताना, दार वर असताना, दोरी ओढू नका. सगळं वजन एकदम खाली येतं.

नवं दार जुन्यापेक्षा घट्ट बसतं. जुन्या फटींतून धूर निघून जायचा, आता जात नाही. गाडी सुरू ठेवून दार लावू नका, पाच मिनिटंही नाही.

देखभाल थोडीच आहे. सहा महिन्यांनी बिजागर आणि चाकांच्या बेअरिंगवर सिलिकॉन स्प्रे मारा. रुळांत ग्रीस भरू नका, धूळ चिकटते. रूळ नुसते फडक्याने पुसा. फळीची परीक्षा मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घेतो. ओम आला असेल तर फळी तो ठेवतो आणि पिवळ्या रेघेमागे जाऊन उभा राहतो. ती रेघ मी फरशीवर ऑइलपेंटने मारून घेतली आहे, दारापासून चार फुटांवर.

पुढच्या भागात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलू. नमस्कार.