शाईला जागा दाखवणारी पट्टी

कागद किंवा फ्लेक्सवर शाईचा थेंब नेमक्या जागी कसा पडतो?

रुंद प्लॉटरमध्ये छपाईचे डोके ज्या मार्गावर धावते, तिथे बारीक रेषांची पारदर्शक पट्टी ताणलेली असते. अनेक यंत्रांत इंचाला 150 रेषा असतात. डोक्यावरचे दोन प्रकाशसंवेदक पाव रेषांतराने सरकवून बसवतात. प्रत्येक रेषांतरात त्यांचे मिळून चार बदल मोजले जातात, म्हणजे इंचाला 600 खुणा, सुमारे दर 0.042 मिलिमीटरला एक. आधी कोणता संवेदक बदलला, यावरून दिशा कळते. पट्टीवर शाई साचली की मोजणी चुकते आणि चित्र सरकते. म्हणून ती नियमित, हलक्या हाताने पुसावी.