धंदा करायचाय? आधी एक वर्ष शिकाऊ व्हा! (मशीन मेंटेनन्समध्ये उतरणाऱ्यांसाठी)



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतोय. कुणी कुपवाडचा, कुणी वाळूजचा, कुणी बुटीबोरीचा. प्रश्न असा: "सर, आयटीआय झालंय. मशीन मेंटेनन्सचा स्वतःचा धंदा सुरू करायचाय. ॲप्रेंटिसशिपमध्ये एक वर्ष घालवू, की थेट टूलकिट घेऊन सुरुवात करू?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एक वर्ष शिकाऊ म्हणून काढा. आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. मी उलटं करून बघितलंय आणि त्याची किंमत मोजलीय.

अकरा दिवसांत परत आलेलं मशीन

२००८ सालची गोष्ट. फिटर ट्रेडचा आयटीआय पास झालो होतो. वर्गात पहिल्या पाचात होतो, त्यामुळे डोक्यात हवा होतीच. आईने पतसंस्थेतून कर्ज काढून दिलं, त्यात पान्यांचा सेट, पुलर, ड्रिल मशीन आणि एक जुनी मोटरसायकल घेतली. व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापलं.

पहिलं मोठं काम मिळालं एका मसाल्याच्या छोट्या कारखान्यात. पल्व्हरायझरचं बेअरिंग आवाज करत होतं. जुनं काढलं, नवं आणलं आणि शाफ्टवर बसवायला घेतलं. जाईना. मग हातोडी घेतली आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर चारी बाजूंनी ठोकत ठोकत बसवलं. बेल्टही चांगला ताणून कसला, म्हटलं पुन्हा स्लिप व्हायला नको. मशीन चालू केलं, आवाज गेला. १,८०० रुपये बिल झालं. शेठ खुश, मी त्याहून खुश.

अकराव्या दिवशी सकाळी सहाला फोन. मशीन जाम. मार्च महिना, मसाल्याचा सीझन! दोन दिवस कारखाना बंद राहिला. बेअरिंग तर गेलंच, पण शाफ्टही खराब झाला.

मी माफी मागायला गेलो तेव्हा शेठ ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुझी चूक नाही रे. शिकाऊ पोराच्या हातात मी मशीन दिलं, चूक माझी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते वाक्य घेऊन मी घरी आलो. आईला काय सांगायचं, हा प्रश्न होता. शेवटी खरं तेच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग जा, शिकून ये. हप्ता मी बघते."

चूक नेमकी काय होती?

बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसवायचं असतं, तेव्हा जोर आतल्या रिंगवर द्यायचा. मी दिला बाहेरच्या रिंगवर. तो जोर मधल्या गोळ्यांमधून आतल्या रिंगपर्यंत गेला आणि गोळ्या ज्या खाचेत फिरतात तिथे बारीक खड्डे पडले. डोळ्यांना काही दिसत नाही. पण त्या क्षणापासून बेअरिंगचं आयुष्य संपायला लागतं. वरून बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणलेला, म्हणजे सगळा भार पुन्हा त्याच बेअरिंगवर.

योग्य मापाचा पाइप आतल्या रिंगवर टेकवून ठोकणं, किंवा बेअरिंग ठरलेल्या तापमानापर्यंत गरम करून बसवणं, हे मी वर्गात लिहिलं होतं. पेपरातही लिहिलं होतं. पण वहीतली गोष्ट हातात उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ गिऱ्हाइकाच्या मशीनवर काढायचा नसतो.

शिकाऊ म्हणून पहिले तीन महिने

ॲप्रेंटिस म्हणून मी एका मोठ्या कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात लागलो. पहिले तीन महिने काम काय? ग्रीस मारणं, तेलाची लेव्हल बघणं, फिल्टर साफ करणं. मला वाटायचं, आपला वापर करून घेतायत. आमचे सिनियर फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एक दिवस मी कुरकुर केली. मामा म्हणाले, "ज्याला ग्रीस कुठं मारायचं ते कळलं, त्याला मशीन कुठं मरणार ते कळलं."

त्या वर्षात मी जे शिकलो, त्यातल्या चार गोष्टी आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

१. आधी कुलूप, मग पाना. मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. चावी स्वतःच्या खिशात. सोबत पाटी: "काम चालू आहे". पण एवढ्यावर थांबायचं नाही. हायड्रॉलिक लाइनमध्ये दाब अडकलेला असतो, हवेच्या टाकीत हवा असते, वर उचललेला प्रेसचा भाग खाली येऊ शकतो. हे सगळं सोडवून, टेकू देऊन, मग स्टार्टचं बटण दाबून खात्री करायची की मशीन खरंच चालू होत नाही. एकदा मी कुलूप न लावता गार्डमध्ये हात घातला. मामांनी माझा हात एवढ्या जोरात ओढला की मनगट दोन दिवस दुखत होतं. पाच मिनिटांनी दुसऱ्या टोकाच्या ऑपरेटरने तोच स्विच चालू केला, त्याला माहीतच नव्हतं. मनगटाचं दुखणं मी आजही हसत सांगतो, कारण सांगायला हात शाबूत आहे.

२. नंबर वाचायला शिका. बेअरिंगवर ६२०५ लिहिलंय. शेवटचे दोन आकडे ०५, त्याला ५ ने गुणा, २५. म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा हिशोब चालतो. मागे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबरी सील. धुळीच्या जागी कुठलं लावायचं, हे इथेच ठरतं. दुकानदार देईल ते घेणारा आणि नंबर सांगून मागणारा, यात गिऱ्हाइकाला फरक लगेच कळतो.

३. पार्ट बदलण्याआधी "का?" विचारा. टोयोटाचे ताईची ओनो यांची पाच वेळा "का" विचारण्याची पद्धत जगभर शिकवली जाते. मशीन का थांबलं? फ्यूज उडाला. का? बेअरिंगवर लोड आला. का? तेल पोचलं नाही. का? पंप ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला, कारण जाळी नसल्यामुळे कचरा आत गेला. नुसता फ्यूज बदलणारा मेकॅनिक पुढच्या आठवड्यात परत येतो. जाळी बसवणारा मेकॅनिक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन जातो.

४. डायरी लिहा. तारीख, मशीन, बिघाड, कारण, काय केलं, किती वेळ मशीन बंद होतं. वर्षभरात माझ्या तीन वह्या भरल्या. माझ्या धंद्याचं खरं भांडवल त्या वह्याच ठरल्या. पान्यांचा नंबर त्यानंतर.

आत कसं शिरायचं?

आपल्याकडे यासाठी १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आहे. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं काम करतात, तिला २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे तुमच्या जवळच्या एमआयडीसीत जागा असतातच, विचारायला जावं लागतं.

फिटर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स हे ट्रेड या कामाला थेट उपयोगी. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला साधारण एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप असते. शेवटी परीक्षा आणि पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. नोंदणी केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. अडलं तर आपल्या जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय ऑफिसात जाऊन विचारा.

स्टायपेंडचं म्हणाल तर २०१९ च्या नियमदुरुस्तीत शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये असे किमान दर ठरले. दर बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना चालू दर पोर्टलवर बघा. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. लहान कारखानदाराला हे सांगा, कित्येकांना माहीत नसतं.

सही करण्याआधी हे बघा:

- करार पोर्टलवर नोंदवलाय का? नोंद नसेल तर तुम्ही ॲप्रेंटिस नाही, फक्त स्वस्त हेल्पर आहात.
- तुम्हाला मेंटेनन्स विभागातच ठेवणार ना? वर्षभर पॅकिंग लाइनवर उभं केलं तर शिकणार काय? तसं झालं तर बीटीआरआयकडे तक्रार करा.
- कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे कायद्यात आहे. सेफ्टी शूज, गॉगल पहिल्या दिवशी मागून घ्या. लाजू नका.
- नंतर नोकरी मिळेलच असं नाही. करारात तशी अट नसेल तर मालकावर बंधन नाही. पण आपल्याला नोकरीच करायचीय कुठे?

उद्योजकाच्या नजरेने वर्ष कसं काढायचं?

सोबतची मुलं शिफ्ट संपायची वाट बघत असतील. तुम्ही तीन गोष्टी बघा. कुठलं मशीन वारंवार बंद पडतं? पार्ट कुठून येतो, कितीला येतो, किती दिवसांत येतो? आणि बाहेरून मेकॅनिक बोलावतात तेव्हा तो बिल कसं लावतो? एक पथ्य मात्र पाळा. कंपनीचे ड्रॉइंग, गिऱ्हाइकांची यादी, स्टोअरमधला पार्ट यांना हात लावायचा नाही. कौशल्य घेऊन बाहेर पडा, माल घेऊन नाही. या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात, नाव एकदा गेलं की गेलं.

वर्षानंतर हिशोब असा मांडा

समजा एका कारखान्यात १२ मशिनं आहेत. महिन्यात दोन व्हिजिट, प्रत्येकी चार तास. तासाला ३०० रुपये धरले तर २,४०० झाले. जाण्यायेण्याचे ४००. अचानक बोलावणं येतंच, त्याचे दोन तास, ६००. एकूण ३,४०० रुपये महिना, पार्टचे पैसे वेगळे. हे फक्त उदाहरण आहे, दर तुमच्या गावचा लावा.

मालक म्हणेल, "महाग आहे." तेव्हा भांडू नका, त्याचाच हिशोब त्याच्यासमोर मांडा. मशीन तासाला ४०० नग काढतं, नगामागे ३ रुपये सुटतात, म्हणजे एक तास बंद म्हणजे १,२०० रुपये गेले. महिन्यात तीन तास वाचवले तरी तुमचे पैसे निघाले.

आणि कागद पक्के ठेवा. उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. २०२४-२५ च्या कर निर्धारण वर्षापासून तर वेळेत पैसे न देणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. विजेच्या वायरिंगचं काम घेणार असाल तर त्याचं लायसन्स वेगळं लागतं. ते नसेल तर ते काम लायसन्सवाल्याकडे द्या.

शेवटचं

ॲप्रेंटिसशिप संपल्यावर मी पहिल्यांदा कुठे गेलो असेन? त्याच मसाल्याच्या कारखान्यात. शेठना म्हटलं, पल्व्हरायझर एकदा तपासून देतो, पैसे नकोत. त्यांनी मला आत तर घेतलं, पण पूर्ण वेळ शेजारी उभे राहिले. मी आधी मेन स्विचला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. ते बघून शेठ केबिनमध्ये निघून गेले. जाताना फक्त म्हणाले, "चहा पाठवतो."

माझं पहिलं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट तिथलंच.

तर मित्रांनो, या आठवड्याचं काम: तुमच्या जवळच्या एमआयडीसीतल्या पाच कारखान्यांची यादी करा आणि गेटवर जाऊन मेंटेनन्स विभागात ॲप्रेंटिस घेतात का, एवढंच विचारा. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत पाच हजारांच्या आत पहिलं टूलकिट कसं जमवायचं ते बघू.

शिकत राहा, हात सांभाळा!