चर्चिल यांचं ‘ते’ भाषण रेडिओवर खरंच एका नटाने वाचलं होतं का?

४ जून १९४०. डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य माघारी आणायची मोहीम नुकतीच संपली होती. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल संसदेत उभे राहिले आणि शेवटपर्यंत लढण्याचा निर्धार सांगणारं त्यांचं गाजलेलं भाषण झालं.

या भाषणाबद्दल एक किस्सा हमखास सांगितला जातो. त्या रात्री लोकांनी रेडिओवर ऐकलेला आवाज चर्चिल यांचा नव्हताच, तो नॉर्मन शेली नावाच्या नटाचा होता!

हे शेली कोण? आणि किस्सा खरा आहे का?

आधी रंगभूमी, मग माइक

नॉर्मन शेली यांचा जन्म १९०३ साली लंडनमधल्या चेल्सी भागात झाला. १९१९ मध्ये त्यांनी लंडनच्या ओल्ड विक थिएटरमधून रंगभूमीवर पाऊल ठेवलं. तेव्हा बीबीसी जन्मालाही आली नव्हती, ती सुरू झाली १९२२ मध्ये. पण शेलींना घराघरात पोहोचवलं ते रेडिओनेच.

‘चिल्ड्रन्स अवर’ या मुलांच्या कार्यक्रमात ते ‘विनी द पू’ हे अस्वल झाले आणि डेनिस नावाचा कुत्राही. १९५२ ते १९६९ या काळात कार्लटन हॉब्ज शेरलॉक होम्स असायचे, तर शेली डॉक्टर वॉटसन. १९५५-५६ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पहिल्यांदा रेडिओवर आलं, तेव्हा गँडाल्फ आणि टॉम बॉम्बाडिल या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. शेवटच्या काही वर्षांत ‘द आर्चर्स’ या मालिकेत ते कर्नल डॅनबी होते. १९८० मध्ये त्यांचं निधन झालं.

किस्सा आला कुठून?

आपण चर्चिल यांचं भाषण रेकॉर्ड केलं होतं, असं खुद्द शेली सांगायचे. पुढे काही लेखकांनी ते पुस्तकांत घेतलं आणि गोष्ट पसरत गेली. २००० साली तर शेलींच्या कुटुंबाकडे एक जुनी तबकडी सापडली. तिच्यावर चर्चिल यांचं भाषण, शेलींचं नाव आणि ७ सप्टेंबर १९४२ ही तारीख होती.

मग खरं काय?

तारीख नीट बघा. तबकडी भाषणानंतर दोन वर्षांनी तयार झालेली आहे. म्हणजे शेलींनी चर्चिल यांच्या भाषणाचं रेकॉर्डिंग केलं होतं, पण त्यावरून ते जून १९४० मध्ये रेडिओवर लागलं असं सिद्ध होत नाही.

त्या काळी संसदेतून रेडिओवर थेट प्रसारण होत नव्हतं. ४ जूनच्या संध्याकाळी बीबीसीच्या निवेदकाने बातम्यांमध्ये भाषणातले उतारे वाचून दाखवले. आज आपण जे रेकॉर्डिंग ऐकतो, ते चर्चिल यांच्याच आवाजातलं आहे, पण ते झालं १९४९ मध्ये. ते पुढे इतक्यांदा वाजवलं गेलं, की युद्धाच्या काळातच आपण ते ऐकलं होतं, अशी अनेकांची पक्की समजूत झाली.

नुकसान कोणाचं?

चर्चिल यांचं फारसं नाही. १८ जून १९४० चं भाषण तर त्यांनी स्वतः रेडिओवरून वाचलं होतं.

नुकसान झालं ते शेलींचं. त्यांच्या गँडाल्फचं मूळ रेकॉर्डिंग नष्ट झालं असं मानलं जातं, आणि तबकडी मात्र टिकली. त्यामुळे इतक्या वेगवेगळ्या पात्रांना आवाज देणारा हा नट आज आठवतो तो एका अशा प्रसारणासाठी, ज्याचा पुरावाच नाही.