चिमुकल्यांना पळू द्या!

दीड-दोन वर्षांचं मूल पलंगावर चढतं, उशा फेकतं, घरभर पळतं. फ्लॅटच्या दोन खोल्यांतला हा धुमाकूळ सोसवला नाही, की आई त्याच्या हाती मोबाइल देते. घर शांत होतं, पण मुलाची पळण्याची गरज तशीच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच. दोन वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास.

तीन तास ऐकून घाबरू नका. ते सलग नकोत. दहा-पंधरा मिनिटांचे खेळ दिवसभर विखरून खेळा. महागडी खेळणीही नकोत.

० उशांचे ‘डोंगर’ रचा, मूल ते ओलांडेल. चढण्या-उतरण्यातून तोल सांभाळायला शिकेल.

० फरशीवर खडूची रेघ ओढून तिच्यावरून चालायला लावा.

० मोज्यांचे गोळे करून बादलीत टाकायला सांगा. नजर आणि हात यांचा मेळ बसेल.

० बेडकासारखी उडी मारा, हत्तीसारखं डुलत चाला. तुम्ही केलंत, तर तेही करेल.

ओली फरशी पुसून घ्या, टोकदार वस्तू हलवा. तोंडात घास असताना मात्र पळवू नका. तो घशात अडकू शकतो.

स्वयंपाकाच्या वेळी ही जबाबदारी बाबांनी किंवा आजोबांनी घ्यावी. मूल खेळेल आणि आईलाही मोबाइलचा आधार लागणार नाही.